सीडीके: आईच्या गोळीच्या निमित्ताने

मोगरी
शनिवार, रात्री ११:१०

आईला स्तनाचा कॅन्सर आहे, तिच्या गोळ्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलंय. गोळी घेतली की त्या तारखेवर लाल पेनाने खूण. एकवीस खुणा झाल्या की सात दिवस गोळी नाही. त्या सात दिवसांना आई 'माहेरपण' म्हणते. परवा मावशी आली होती. तिने चष्मा कपाळावर चढवून पाकीट वाचलं, "पाल्बो-सायक्लिब. हे सायकल काय गं मध्येच?" मी लाटणं हातात धरून तशीच उभी. त्या 'सायकल'मागे माझी साडेपाच वर्षं गेलीत आणि घरात मी ते कुणाला कधी धड सांगितलेलंच नाही.

म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. लग्नाआधी एका प्रयोगशाळेत ईस्टवर, म्हणजे खमिराच्या जातीच्या एकपेशीय जिवावर, काम करायचे. पीएचडी अर्धवट राहिली, ते रडगाणं इथे नको. औषधाबद्दल जे लिहीन ते समजून घेण्यापुरतं, डोस आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

आपल्या पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं तर आधी सगळ्या डीएनएची एक नक्कल काढावी लागते. एकच, ना कमी ना जास्त. मग ती नीट वाटून द्यायची आणि मध्ये भिंत घालायची. 'आता काढ नक्कल', 'आता वाट' असं सांगणारी विकरं (एन्झाइम) म्हणजे सीडीके. पूर्ण नाव सायक्लिन-डिपेंडंट कायनेज. कायनेज एवढंच करतं की एटीपीतला (पेशीचं इंधन असलेल्या रेणूतला) एक फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतं. शिक्का मारल्यासारखं. शिक्का बसला की ते प्रथिन जागं होतं, झोपतं किंवा जागा सोडतं.

गंमत पुढे आहे. सीडीके पेशीत कायम बसून असतं, कचेरीतल्या कारकुनासारखं. शिक्का हातात, पण साहेब आल्याशिवाय तो उचलायचा नाही. साहेब म्हणजे सायक्लिन. सायक्लिन हळूहळू साठत जातं, सीडीकेला येऊन बिलगतं, तेव्हा कुठे कारकून कामाला लागतो. आणि काम झालं की सायक्लिनचा पेशी चक्क चुरा करते. पुढच्या फेरीला नवं सायक्लिन, पहिल्यापासून.

हे पहिल्यांदा दिसलं ते सी-अर्चिनच्या अंड्यांत. समुद्रातला तो काटेरी गोळा. १९८२चा उन्हाळा, अमेरिकेतली वुड्स होलची समुद्रकाठची प्रयोगशाळा. टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे दर उन्हाळ्यात जायचे. या अंड्यांची सोय अशी की एकदम फलित केली की सगळी एकदमच विभागतात, कवायतीतल्या पोरांसारखी. हंटनी त्यांना किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनं बांधायची एक वीट) दिलं, म्हणजे नवं बनणारं प्रत्येक प्रथिन फिल्मवर उमटावं. दर थोड्या मिनिटांनी नमुना काढायचा आणि जेलवर चालवायचा, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटी होतात. बाकीच्या पट्ट्या वेळ जाईल तशा गडद होत गेल्या. एक पट्टी मात्र गडद झाली आणि पेशी विभागायच्या सुमारास पुसली गेली. मग परत उमटली, परत पुसली. ज्याने जेल चालवलंय त्याला कळेल, अशी पट्टी दिसली की माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो. हंटनी दिला नाही. त्या प्रथिनाला नाव दिलं सायक्लिन. स्वारीला सायकलचं वेड होतं, हेही त्यामागचं एक कारण.

माझी पट्टी म्हणजे एक फ्लास्क होता. आमच्या ईस्टचा एक वाण २५ अंशांना गुण्यागोविंदाने विभागायचा आणि ३६ला अडकायचा. वाढायचा, पण विभागायचा नाही. विदर्भातला मे महिना. रात्रीत कधीतरी शेकरचं (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्राचं) कूलिंग बंद पडलं, हलणं तेवढं चालू. सकाळी दहाला जाऊन थेंबभर काचेवर घेतला तर भाताच्या शितांऐवजी शेवग्याच्या शेंगा! मला वाटलं बुरशी पडली, आता बोलणी खायची. ओतून द्यायला बेसिनपाशी गेलेसुद्धा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, शेजारच्या खोलीतल्या २५ अंशांच्या शेकरमध्ये फ्लास्क ठेवला आणि चहाला गेले. परत येऊन बघते तर जवळजवळ प्रत्येक शेंगेत केंद्रक दुभंगत होतं. सगळ्यांचं एकाच वेळी. मी तासभर भिंगाला डोळा लावून होते. सीडीकेवरचं कुलूप काढणारं विकर त्या वाणात उष्णतेने बिघडतं, गार झालं की परत चालतं. पुस्तकात हे चार ओळींत होतं. मला कळलं ते त्या सकाळी.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

-----

चिंगी
शनिवार, रात्री ११:३२

वाचतेय. माहेरपण! काकूंना माझा नमस्कार सांग.

-----

निवृत्त मास्तर
रविवार, सकाळी ६:०५

उत्तम धागा. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, हे पोरांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. गुणसूत्रं मधोमध रांगेत कशी उभी राहतात याच्या आकृत्या फळ्यावर इतक्या काढल्या की आता झोपेतही काढीन. पण 'गुणसूत्रांना रांगेत उभं राहायला सांगतं कोण?' असं एकाही पोराने विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

आपण 'विकर' लिहिलंत, आनंद झाला. 'सेल सायकल'ला पेशीचक्र म्हणता येईल.

शंका अशी. काम झाल्यावर सायक्लिनचा चुरा कशाला? एवढ्या मेहनतीने बनवलेलं प्रथिन मोडायचं, ही उधळपट्टी नव्हे का? सीडीकेपासून नुसतं बाजूला केलं असतं तर?

-----

मोगरी
रविवार, सकाळी ९:४०

मास्तर, शंका नेमक्या जागी आहे.

नुसतं बाजूला केलं तर ते परत येऊन बिलगू शकतं. आणि पेशीला हेच चालत नाही. वाटणी अर्ध्यावर असताना 'थांबा, पुन्हा रांगेत या' असं झालं तर एका लेकीला ४७ गुणसूत्रं आणि दुसरीला ४५. किंवा वाटणी व्हायच्या आधीच नकलेची दुसरी फेरी सुरू. चुरा केला की मागे जायची वाटच उरत नाही, नवं सायक्लिन साठेपर्यंत पुढेच जायचं. म्हणजे ती उधळपट्टी वाटते ती दिशेची किंमत आहे. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वात भावते. पेशीचं घड्याळ टिकटिकतं ते काही बनवण्याइतकंच काही मोडण्यावर.

चुरा करायचीही पद्धत आहे. आधी सायक्लिनवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची माळ चढते. माळ चढली की रवानगी गिरणीत.

-----

आडगावचा_भाऊ
रविवार, सकाळी १०:१५

साहेबाची बदली नाही, डायरेक्ट माळ घालून गिरणीत. आमच्या तालुक्याला ही स्कीम कधी येणार?

बाकी एक शंका. खवचट वाटली तर सोडून द्या. ईस्ट म्हणजे पावाचं खमीर. अंडी समुद्रातल्या काटेरी गोळ्याची. यावर लोक आयुष्य घालवतात, सरकारं पैसे देतात. माणसाचा आजार आहे तर माणसाच्या पेशीवरच काम करा की. द्राविडी प्राणायाम कशाला?

-----

एडिनबरोचा गंप्या
रविवार, दुपारी २:५०

भाऊ, थांबा जरा. या गोष्टीचा एक तुकडा माझ्या शहरातला आहे.

इथे दुकानात 'वी बॅग' हवी का विचारतात. 'वी' म्हणजे स्कॉटिश बोलीत इवलंसं. १९७०च्या दशकात पॉल नर्स इथल्या विद्यापीठात ईस्टवर काम करत होते. पावाचं नव्हे हो, दुसरं. लांबट, मधोमध भिंत घालून विभागणारं. मोगरीताईंची भाताची शितं तीच असणार. साधारण १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब झालं की ते विभागतं. नर्सना काही पेशी अशा सापडल्या की त्या त्याच्या निम्म्या लांबीलाच विभागून मोकळ्या. म्हणजे घाईवर असलेल्या. त्या जनुकाला नाव पडलं 'वी-१'.

आता यातली मेख बघा. कुठल्याही यंत्रातला कुठलाही खिळा मोडा, यंत्र बंद पडतं किंवा रखडतं. त्यावरून खिळ्याचं महत्त्व कळत नाही. पण एखादी गोष्ट बदलल्यावर यंत्र लवकर धावायला लागलं, तर तो लगाम आहे हे नक्की.

पन्नासेक 'वी' वाण जमले, सगळे त्याच एका जनुकातले. कंटाळवाणं काम. एके शुक्रवारी संध्याकाळी एका बशीत अजून एक दिसला, पण बशीत बुरशी शिरलेली. नर्सनी ती कचऱ्यात टाकली आणि घरी गेले. घरी चैन पडेना. पावसात सायकल मारत चढ चढून परत आले आणि कचऱ्यातून बशी काढली. तो वाण निघाला वेगळ्याच जनुकातला, सीडीसी-२. आज आपण ज्याला सीडीके-१ म्हणतो तेच. जे बिघडलं की पेशी थांबते हे आधी माहीत होतं, तेच दुसऱ्या तऱ्हेने बदललं की पेशी घाई करते. म्हणजे लगाम हाच.

(इथला चढ आणि इथला पाऊस दोन्ही रोज अनुभवतो. मी नसतो गेलो परत.)

-----

मोगरी
रविवार, दुपारी ३:२०

गंप्या, तू कचरापेटी आणि मी बेसिन! फरक एवढाच की माझ्या फ्लास्कातून नोबेल निघण्यासारखं काही नव्हतं.

आणि हो, तेच ईस्ट. माझं ईस्ट ज्याने अडकायचं ते कुलूप 'वी-१'च घालतं. सीडीकेवर फॉस्फेट चिकटवून. म्हणजे शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्याच हातावर शिक्का. तो पुसतं सीडीसी-२५, माझ्या वाणात बिघडलेलं ते हेच.

भाऊंच्या शंकेला उत्तर १९८७चं आहे. मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी, तेव्हा लंडनमध्ये, सीडीसी-२ बिघडलेलं ईस्ट घेतलं आणि त्यात माणसाच्या जनुकांचे तुकडे सोडले. कुठला तुकडा कुठल्या पेशीत जाईल याचा काही नेम नाही, म्हणून हजारोंनी. मग बशा ३६ अंशांना ठेवल्या. बिघडलेलं ईस्ट त्या तापमानाला वाढूच शकत नाही. पण काही वसाहती वाढल्या. आत काय शिरलं होतं? माणसाचं सीडीके. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी आपण आणि ईस्ट वेगळ्या वाटांनी गेलो, तरी कारकून अदलाबदल केला तर कचेरी चालते. मग सांगा, खमीर माणसापासून फार लांब आहे का?

पावाच्या ईस्टवर अमेरिकेत लेलंड हार्टवेल त्याच्याही आधीपासून हेच करत होते, शंभराहून जास्त जनुकं हुडकली त्यांनी. २००१चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स तिघांना मिळून.

-----

आडगावचा_भाऊ
रविवार, दुपारी ३:३१

शब्द मागे. खमिराला रामराम.

-----

शेवगा
रविवार, रात्री ८:१२

(आयडीवरून हसू नका, शेंगांशी संबंध नाही.)

मोगरी, वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर होता, स्मॉल सेल प्रकारचा. तेव्हा नेटवर या गोळ्यांबद्दल वाचून मी डॉक्टरांच्या मागे लागले होते. त्यांनी 'यात नाही चालत' एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. विभाजन थांबवणारी गोळी आहे तर सगळ्या कॅन्सरना का चालू नये? आता उपयोग नाही, पण तो प्रश्न राहून गेलाय.

-----

रात्रपाळी
सोमवार, पहाटे २:४५

शेवगा, मी पॅथॉलॉजीत आहे. तुमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं द्यायला हवी होती. मी प्रयत्न करते.

पेशीचक्राच्या सुरुवातीला एक दार असतं. ते ओढून धरणारं प्रथिन म्हणजे आरबी. आरबीने दार धरलंय तोवर डीएनएची नक्कल सुरू होत नाही. बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की सायक्लिन-डी बनतं, ते सीडीके-४ आणि ६ ला (सीडीके बरीच आहेत, म्हणून नंबर) बिलगतं, ते आरबीवर शिक्के मारतात, आरबीची पकड सुटते, दार उघडतं. पाल्बोसायक्लिब सीडीके-४ आणि ६ च्या हातातला शिक्का अडवतं. म्हणून गोळी चालायची तर आरबी जागेवर हवं. स्मॉल सेलमध्ये बहुतेक वेळा आरबीच नाहीसं झालेलं असतं. दारच उखडलंय, तिथे कडी लावून काय होणार? तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही काही कमी पडला नाहीत.

स्तनाच्या ज्या कॅन्सरला इस्ट्रोजेन हे हार्मोन लागतं त्यात उलट असतं. आरबी बहुधा शाबूत आणि सायक्लिन-डीचा निरोप देणारं इस्ट्रोजेनच. म्हणून इस्ट्रोजेन रोखणारी हार्मोनची गोळी आणि ही, जोडीने देतात.

यावरून आठवलं. पी-१६ नावाचं आपलं स्वतःचं प्रथिन आहे, तेही सीडीके-४ आणि ६ ला रोखतं, म्हणजे पेशीचा घरचा ब्रेक. बऱ्याच कॅन्सरमध्ये ते हरवलेलं असतं. पण गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीत आम्ही नेमका पी-१६चा रंग लावतो आणि तो गडद तपकिरी, सलग पट्टा भरून आला की भुवया उंचावतात. शिकत असताना माझा गोंधळ व्हायचा, ब्रेक इतका भरपूर आणि तरी गाडी सुसाट? कारण या कॅन्सरमागे बहुधा असणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई-७ प्रथिन आरबीलाच निकामी करतं. पेशी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत असते आणि ब्रेकची वायर चाकापर्यंत पोचतच नाही. आमच्या स्लाइडवर दिसतो तो तपकिरी रंग म्हणजे तो दाबलेला ब्रेक.

-----

शेवगा
सोमवार, सकाळी ७:२०

पहाटे पावणेतीनला हे लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. धन्यवाद.

-----

मुलुंडकर
सोमवार, सकाळी ११:००

एक भर, कारण हे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलंय आणि मुलुंडमध्येही फारसं कुणाला माहीत नाही.

सीडीके रोखणारं जे औषध माणसांवरच्या चाचण्यांत सर्वात आधी उतरलं, त्याचं नाव फ्लेव्होपिरिडॉल. त्याचं मूळ सह्याद्रीत आहे. डायसोझायलम बायनेक्टरिफेरम नावाचा वृक्ष, सदाहरित जंगलातला, कडुनिंबाच्या कुळातला. त्यात रोहितुकीन नावाचं द्रव्य असतं. नावात संस्कृतातला 'रोहितक' दडलाय, कारण ते आधी त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडात, अमूरा रोहितुकात, सापडलं होतं. मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या या झाडातून रोहितुकीन वेगळं केलं, १९८८मध्ये त्याची रचना आणि प्रयोगशाळेत ते बनवायची रीत छापली. हेतू होता सूज कमी करणारं औषध. त्याच साच्यावर पुढे बनलं ते फ्लेव्होपिरिडॉल, आणि ते सीडीके रोखतं हे कळलं.

पण ते एकाला धरून दुसऱ्याला सोडणारं नव्हतं. सीडीके-१, २, ४, ९, दिसेल त्याला धरायचं. सीडीके-९चं काम विभाजनाचं नाहीच, ते जनुकांच्या वाचनाला हातभार लावतं, तेही थांबायचं. वर्षानुवर्षं चाचण्या चालल्या, पण पाल्बोसायक्लिबसारखं ते दुकानात काही आलं नाही.

-----

टिवल्या
सोमवार, सकाळी ११:०९

म्हणजे मूळ आपल्याच जंगलातलं! या झाडाच्या सालीचा काढा करून घेतला तर? महागड्या गोळ्या कशाला?

-----

रात्रपाळी
सोमवार, दुपारी १:३०

टिवल्या, नाही. झाडात असतं ते रोहितुकीन, फ्लेव्होपिरिडॉल नव्हे. आणि फ्लेव्होपिरिडॉल शिरेतून मोजूनमापून देतानासुद्धा काही ल्युकेमियाच्या रुग्णांत एवढ्या पेशी एकदम फुटायच्या की रक्तातलं पोटॅशियम चढून जिवावर बेतायचं. काढ्यात काय किती उतरलं हे कोण मोजणार? कुणी ओळखीचं असं काही करत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

-----

चिंगी
सोमवार, दुपारी ४:४४

मला घरगुती प्रश्न आहेत. एक, सात दिवसांची सुट्टी का? दोन, कुणी सांगितलं पपनस खायचं नाही, खरं का? तीन, खर्च?

-----

मोगरी
सोमवार, रात्री १०:०५

चिंगे, सुट्टी रक्तासाठी. हाडांच्या मज्जेत पांढऱ्या पेशी सतत बनत असतात आणि त्यांच्या मातृपेशींनाही सीडीके-६ लागतं. गोळीने त्याही थबकतात. मेलेल्या नसतात, थांबलेल्या असतात, म्हणून सात दिवसांत बहुधा भरून येतात. नेहमीच्या केमोत पेशी मरतात, हा मोठा फरक. ताप आला तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन, हे आमच्याकडे फ्रिजवरच लिहून ठेवलंय.

पाकिटातल्या कागदावर ग्रेपफ्रूट टाळा असं आहे. ज्या विकराने यकृत ही गोळी मोडतं, त्यालाच ते फळ अडवतं, मग औषध रक्तात जास्त साठतं. पपनस त्याचं सख्खं नातेवाईक, म्हणून आमच्या डॉक्टरांनी तेही नको म्हटलं. गणपतीत आई एक फोड तोंडात टाकणार होती, मी हातातून काढून घेतली. दोन दिवस अबोला.

खर्च सुरुवातीला डोळे पांढरे करणारा होता. २०२३च्या जानेवारीत इथलं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि आमच्यासारख्यांना श्वास घेता आला. याच जातीच्या आणखीही आहेत, त्यातल्या दोन सांगते. रायबोसायक्लिब घेणाऱ्यांचा ईसीजी काढत राहावा लागतो. अबेमासायक्लिब रोज, सुट्टीविना, पण पोट बिघडवते.

आणि कुणी विचारायच्या आधी लिहिते. ही गोळी आजार पुसून टाकत नाही. पालोमा-२ नावाच्या या गोळीच्या चाचणीत नुसत्या हार्मोनच्या गोळीवर आजार पुढे सरकायला मधल्या हिशेबाने (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १४.५ महिने लागले, जोडीने २४.८. हे आकडे मी आईला सांगितलेत. तिने विचारलं, "म्हणजे दहा माहेरपणं जास्त?" मी गुणाकार करून पाहिला. चार आठवड्यांना एक धरली तर अकरा होतात. तसं सांगितलं तर म्हणाली, "बघ, मास्तरणीला एक वाढवून मिळालं."

-----

निवृत्त मास्तर
मंगळवार, सकाळी ५:५०

आपल्या मातोश्री शिक्षिका होत्या तर. कुठल्या शाळेत?

वेळ झाला की अरोरा आणि पोलो या कायनेजांवरही लिहा. गुणसूत्रं रांगेतून दोन बाजूंना ओढली जातात त्यात त्यांचा हात असतो असं वाचलं.

-----

मोगरी
मंगळवार, सकाळी ८:१५

जिल्हा परिषदेच्या शाळेत, एकतीस वर्षं. चौथीचा वर्ग.

अरोरावर लिहीन मास्तर, आजचा दिवस जाऊ दे. काल रात्री आईला भिंगाखालचे जुने फोटो दाखवले, शितांचे आणि शेंगांचे. पहिला बघून म्हणाली आंबेमोहोर. दुसऱ्याला बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ही बिचारी नुसतीच वाढत बसलीत." आज बावीसावा दिवस, रक्त द्यायला चाललोय दोघी.